वाणी आणि करणी

1848 साली, दिल्लीत कंपनी सरकारच्या मुन्सफाचा हुद्दा सांभाळणाऱ्या तिशीतील एका सय्यद गृहस्थांनी ‘कौले मतीन’ या नावाचा एक छोटेखानी उर्दू निबंध लिहिला आणि त्यात पृथ्वी फिरत नाही, ती स्थिर आहे, असे सिद्ध करण्याचा खटाटोप केला. कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन तोवर तीन शतके उलटून गेली होती, आणि त्याच दिल्ली शहरातील सरकारी कॉलेजात नव्या ज्योतिषाचे पाठ खुद्द उर्दू भाषेतून दिले जात होते. हे निबंधकर्ते म्हणजे पुढे सर सय्यद अहमद खान या नावाने सर्वतोमुखी झालेले अलीगढ कॉलेजाचे प्रवर्तक होत. ज्यांनी तरुणपणी पृथ्वीच्या स्थैर्याचे वकीलपत्र घेतले, त्यांनीच उतारवयात सृष्टिनियमांच्या आधारे कुराणाचे भाष्य रचावे आणि त्यापायी धर्मबाह्यतेचे फतवे अंगावर घ्यावेत, ही घटना एका व्यक्तीच्या मतांतरापुरती मर्यादित नाही. इंग्रजी विद्येच्या प्रथम स्पर्शाने हिंदुस्थानातील मुसलमान तरुणांच्या मनात जे प्रश्न उभे राहिले आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांची जी उत्तरे शोधली, त्या दीर्घ व्यवहाराचा आरंभ येथे आहे.

येथे एक समजूत प्रथमच दूर केलेली बरी. त्या निबंधातील युक्तिवाद प्रामुख्याने धर्मवचनांवर उभा नव्हता. त्याचा पाया ॲरिस्टॉटल आणि टॉलेमी यांच्या विद्येचा होता. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महालातील मुल्ला निजामुद्दीन यांनी जो अभ्यासक्रम घालून दिला आणि जो ‘दर्से निजामी’ या नावाने उत्तर हिंदुस्थानातील मदरशांत रूढ झाला, त्यात कुराण-हदीसच्या बरोबरीने ‘माकूलात’ म्हणजे तर्क, तत्त्वज्ञान, भूमिती व ज्योतिष या बुद्धिगम्य विद्यांना मोठे स्थान होते. मुल्ला महमूद जौनपुरी यांचा ‘शम्से बाझिगा’, चगमीनीच्या ज्योतिषग्रंथावरील टीका आणि युक्लिडची भूमिती यांवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या होत्या. ग्रीकांचे हे तत्त्वज्ञान अब्बासी खलिफांच्या काळी अरबीत उतरले तेव्हा त्याने श्रद्धावंतांची झोप उडवली होती. त्याला उत्तर देण्यासाठी ‘इल्मे कलाम’ हे वादशास्त्र बहरास आले आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस इमाम गझालींनी तत्त्वज्ञांच्या खंडनाचा आपला विख्यात ग्रंथ सिद्ध केला. तथापि दारात अडवलेला हा पाहुणा कालांतराने घरातलाच एक होऊन गेला, इतका की त्याच्या आकाशगोलांची आणि चार महाभूतांची गणना कित्येकांनी धर्माच्याच मालमत्तेत केली. परिणामी नवे विज्ञान आले तेव्हा मौलवीच्या मनात पहिला झगडा उभा राहिला तो जुन्या विज्ञानाचा नव्या विज्ञानाशी. आणि त्या झगड्यात नकळत धर्माचे नाव गोवले गेले.

दिल्ली कॉलेजात हा झगडा डोळ्यांना दिसत होता. गाझीउद्दीनच्या जुन्या मदरशातून 1825 साली सरकारी आश्रयाने उभ्या राहिलेल्या या विद्यालयात मास्टर रामचंद्र हे गणिताचे अध्यापक होते. त्यांच्या महत्तम-लघुतमविषयक ग्रंथाने पुढे युरोपातील गणितज्ञांचे लक्ष वेधून घेतले. इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे करणारी एक मंडळी कॉलेजाच्या आश्रयाने काम करीत होती, आणि जकाउल्ला, नजीर अहमद यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले मुसलमान विद्यार्थी त्या वातावरणात वाढत होते. परंतु 1852 साली रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि शहरात एकच खळबळ उडाली. नवी विद्या शिकणारा मुलगा आज ग्रहगती शिकतो आणि उद्या वाडवडिलांचा धर्म सोडतो, अशी धास्ती हिंदू-मुसलमान दोन्ही समाजांतील पालकांच्या मनात बसली. विज्ञान, इंग्रजी राज्य आणि मिशनरी या तिन्ही गोष्टी एकाच गलबतातून उतरल्यामुळे त्यांची फारकत करून विचार करणे त्या पिढीला दुर्घट झाले होते; आणि ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून पुढच्या विरोधाची तीव्रता कळणार नाही.

1857च्या प्रलयाने दिल्लीचा तो लहानसा प्रकाश मालवला. सय्यद अहमद त्या वेळी बिजनौर येथे सदर अमीन होते. आपल्या समाजाची झालेली धूळधाण त्यांनी पाहिली आणि तिचे कारण विद्येच्या अभावात आहे असा त्यांचा ग्रह झाला. 1864च्या जानेवारीत गाझीपूर येथे त्यांनी ‘सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली आणि त्याच वर्षी बदली होताच ती आपल्याबरोबर अलीगढला नेली. राजा जयकिशनदास यांच्यासारखे हिंदू सहकारी तिच्यात आघाडीवर होते. इतिहास, अर्थशास्त्र, शेती, गणित अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणावीत, यंत्रे व प्रयोग लोकांना दाखवावेत, असा तिचा खाक्या होता, आणि 1866 पासून तिचे इंग्रजी-उर्दू पत्रही निघू लागले. पृथ्वीच्या गतीविषयीचे आपले जुने मत सय्यद अहमद यांनी या काळात केव्हाच टाकून दिले होते.

मात्र विद्येचा प्रसार करणे एक आणि त्या विद्येने जागे होणाऱ्या शंकांची वासलात लावणे दुसरे. 1869 मध्ये ते आपल्या दोन मुलांसह विलायतेस गेले, आणि तेथे विल्यम म्यूर यांच्या पैगंबरचरित्राला उत्तर लिहीत असताना त्यांच्या ध्यानात आले, की उद्याचा इंग्रजी शिकलेला मुसलमान तरुण म्यूर वाचणार, डार्विनचे नाव ऐकणार, आणि त्याच्या प्रश्नांना ‘हे विचारू नये’ एवढेच उत्तर मिळाले तर तो मुकाट्याने धर्माकडे पाठ फिरवणार. परत आल्यावर 1870च्या डिसेंबरात त्यांनी ‘तहजीबुल अखलाक’ हे मासिक काढले, 1880 पासून कुराणाचे भाष्य भागाभागाने प्रसिद्ध करावयास घेतले, आणि 1884 साली लाहोरच्या व्याख्यानात आपली भूमिका निःसंदिग्धपणे मांडली. पूर्वसूरींनी ग्रीक तत्त्वज्ञानासाठी जसे एक कलामशास्त्र निर्माण केले, तसेच नवे कलामशास्त्र आज हवे आहे. त्याने एक तर नव्या विज्ञानाचे सिद्धान्त खोटे ठरवावेत, नाही तर ते इस्लामच्या मूलतत्त्वांशी जुळतात हे दाखवावे, असा त्या प्रतिपादनाचा आशय होता.

त्यांनी स्वतः दुसरा मार्ग पत्करला. कुराण ही ईश्वराची वाणी आणि सृष्टी ही ईश्वराची करणी. दोहोंचा कर्ता एकच असल्यामुळे त्यांच्यात विसंगती संभवत नाही, आणि ती भासलीच तर दोष वाणीचा नसून आपण लावलेल्या अर्थाचा आहे, हे त्यांच्या भाष्याचे बीज. सृष्टीचे नियम हे ईश्वराने कृतीने दिलेले वचन आहे, आणि शब्दाने दिलेले वचन जसा तो मोडत नाही तसेच कृतीने दिलेलेही मोडत नाही, या सूत्रावरून त्यांनी चमत्कारांचा निकाल लावला. मूसाने समुद्र ओलांडला तो ओहोटीच्या वेळी. पैगंबरांचे स्वर्गारोहण हे स्वप्नदर्शन. देवदूत म्हणजे सृष्टीतील व मानवातील शक्ती. प्रार्थनेचे फळ म्हणजे बाह्य घटनांतील बदल नसून उपासकाच्या मनाला लाभणारे समाधान. या अर्थांपैकी कित्येक ओढूनताणून बसवलेले आहेत हे त्यांचे चाहतेही कबूल करीत. त्यांचे जिवलग स्नेही मुहसिन-उल-मुल्क यांनी तर पत्रांतून त्यांच्याशी दीर्घ वाद मांडला. ज्या नियमांना आपण अढळ मानता ते आज युरोपातील पंडितांनी सांगितलेले नियम आहेत, त्यांच्यासाठी वचनाचा सरळ अर्थ का सोडावा, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. हा आक्षेप लेचापेचा नव्हता. सर सय्यद यांचे विज्ञान हे न्यूटनच्या घड्याळी विश्वाचे विज्ञान होते, आणि विज्ञान स्वतःच उद्या आपले विधान बदलील ही शक्यता त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

बाहेरचा विरोध इतका सौम्य कोठून असणार? ‘नेचर’ म्हणजे सृष्टी या शब्दावरून त्यांना ‘नेचरी’ ही पदवी बहाल झाली आणि ती शिवीसारखी फिरू लागली. कानपूरचे डेप्युटी कलेक्टर इमदाद अली आणि गोरखपूरचे सबजज्ज अली बख्श खान या दोघांनी विरोधाची धुरा वाहिली. अली बख्श यांनी तर मक्का-मदिनेहून फतवे आणविले. हे दोघेही इंग्रजी राज्याचे पगारी अंमलदार होते, ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. नवे विरुद्ध जुने असा हा सरळ सामना नव्हता. एकाच सरकारची चाकरी करणाऱ्या, एकाच थरातल्या लोकांमध्ये पडलेली ती फूट होती. दक्षिण हैदराबादेत त्या सुमारास वास्तव्यास असलेल्या विचारवंत जमालुद्दीन अफगाणींना तेथल्या एका गणितशिक्षकाने पत्र लिहून या ‘नेचरी’ मंडळींचा खुलासा विचारला, आणि त्याच्या उत्तरादाखल 1881 मध्ये अफगाणींचा जळजळीत फारसी प्रबंध प्रसिद्ध झाला. ईश्वर व परलोक यांवरील श्रद्धा ढळली की समाजाचे सांधे निखळतात, असे त्यात सांगितले होते. पण दोनच वर्षांनी पॅरिसमध्ये फ्रेंच पंडित अर्नेस्ट रेनान यांना उत्तर देताना त्याच अफगाणींनी तत्त्वज्ञान आणि धर्म यांचा झगडा कधीच संपत नसतो, आणि धर्माचा वरचष्मा होतो तेथे तत्त्वज्ञानाला देशोधडीला लागावे लागते, असे मोकळेपणाने लिहिले. हिंदुस्थानातील फारसी वाचकांसाठी एक भूमिका आणि फ्रेंच पंडितांसाठी दुसरी, हा प्रकार पाहिला म्हणजे अफगाणींचा मुख्य राग सर सय्यद यांच्या राजनिष्ठेवर होता की काय अशी शंका येते.

परंतु सर सय्यद यांचा पराभव या विरोधकांनी केला नाही. त्यांनी तो स्वहस्ते, एका उदात्त हेतूसाठी ओढवून घेतला, आणि या सबंध इतिहासातील मर्मस्थान मला येथेच दिसते. 1875च्या मेमध्ये अलीगढची शाळा सुरू झाली, 1877च्या जानेवारीत लॉर्ड लिटन यांच्या हस्ते कॉलेजाची कोनशिला बसली. त्यासाठी पैसा हवा होता, आणि पैसा ज्यांच्यापाशी होता ते जमीनदार व अंमलदार नेचरी शिकवणुकीच्या हाती आपली मुले सोपवण्यास राजी नव्हते. तेव्हा सर सय्यद यांनी जाहीर केले, की कॉलेजातील धर्मशिक्षणाशी आपला काडीचाही संबंध राहणार नाही. सुन्नी विद्यार्थ्यांचे शिक्षण सुन्नी मौलवींकडे व शियांचे शियांकडे राहील. पुढे या खात्याची सूत्रे देवबंदच्या मदरशाचे संस्थापक मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांच्या जामातांकडे आली. ज्या माणसाने नव्या कलामशास्त्रासाठी जन्म वेचला, त्याचे भाष्य त्याच्याच कॉलेजातील मुलांना वर्गात शिकवले जाणार नाही अशी व्यवस्था त्यानेच केली. सकाळी इंग्रज प्राध्यापकाच्या वर्गात मिल आणि स्पेन्सर, नंतर दीनियातच्या म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला जुन्या पाठातील नेमून दिलेले प्रकरण, आणि ठरल्या वेळी सक्तीचे नमाज, असा तेथील तरुणाचा दिनक्रम झाला. दोन्ही वर्ग त्याच इमारतीत भरत. पण एका वर्गात उपजलेला प्रश्न दुसऱ्या वर्गात विचारण्याची सोय नव्हती. कॉलेज उभे राहिले आणि विचार बाहेर राहिला.

या तडजोडीसाठी सर सय्यद यांना दोष देणे सोपे आहे. मात्र ते न्याय्य होणार नाही. कॉलेज नसते तर तो तरुणही नसता आणि त्याच्या शंकाही नसत्या. तरी किंमत ही किंमतच, आणि ती कोणी कशी फेडली हे पाहणे इतिहासाचे काम आहे.

1883 ते 1898 अशी पंधरा वर्षे शिबली नोमानी या कॉलेजात अरबी-फारसी शिकवीत होते. मुले परीक्षा देतात, क्रिकेट खेळतात, वादसभेत चमकतात, पण धर्माविषयी त्यांना ना आस्था उरते ना विरोध करण्याइतके ज्ञान, हे त्यांनी जवळून पाहिले. सर सय्यद यांच्या निधनानंतर त्यांनी अलीगढ सोडले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेत असताना कलामशास्त्राचा इतिहास आणि त्याची नवी मांडणी असे दोन ग्रंथ लिहिले. विज्ञानाचे क्षेत्र इंद्रियगोचराचे आणि धर्माचे क्षेत्र त्यापलीकडचे. दोघांच्या हद्दी निराळ्या असल्यामुळे सीमेचा तंटा उद्भवण्याचे कारण नाही, हा त्यांचा मुख्य तोडगा होता. त्यांचे शिष्य सय्यद सुलेमान नदवी हे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही काळ फारसीचे अध्यापक होते. 1914च्या नोव्हेंबरात गुरू निवर्तताच ते पुणे सोडून आजमगढला गेले आणि तेथे ‘दारुल मुसन्निफीन’ ही लेखकसंस्था त्यांनी नावारूपाला आणली.

देवबंदी परंपरेतून आलेले उत्तर निराळ्या वळणाचे होते. मौलाना अशरफ अली थानवी यांनी कॉलेजातील तरुणांच्या शंकांसाठी ‘अल इंतिबाहात’ हे पुस्तक लिहिले. त्यांनी विज्ञानाशी जुळवून घेतले नाही आणि त्याला नाकारलेही नाही. त्यांनी शंकेखोराच्या तर्काचीच उलटतपासणी केली. एखादी गोष्ट समजत नाही म्हणून ती असत्य ठरत नाही. बुद्धीला अशक्य असणे एक आणि अनुभवाला विलक्षण वाटणे दुसरे. चमत्कार विलक्षण असेल, पण तो बुद्धिविरुद्ध आहे हे सिद्ध करण्याचा भार आक्षेप घेणाऱ्यावर आहे. जुन्या मदरशातील तर्कशास्त्र किती धारदार होते याचा हा उत्तम नमुना होय. याच्या अगदी उलट टोकाला बरेलीचे मौलाना अहमद रझा खान उभे राहिले. 1920च्या सुमारास त्यांनी पृथ्वीच्या गतीविरुद्ध एकशे पाच प्रमाणांचा ग्रंथ रचला, आणि लाहोरच्या इस्लामिया कॉलेजातील एका अध्यापकाने नवे ज्योतिष मान्य करण्याची त्यांना विनंती केली तेव्हा तिचाही सप्रमाण अव्हेर केला. दर्से निजामीतले ग्रीक आकाश अजून कोसळले नव्हते.

ही सारी उत्तरे ज्याच्यासाठी लिहिली गेली तो तरुण स्वतः काय म्हणत होता? त्याची साक्ष क्वचितच कागदावर उतरते. सुदैवाने अब्दुल माजिद दर्याबादी यांनी आपल्या आत्मचरित्रात ती देऊन ठेवली आहे. 1892 साली अवधमध्ये एका डेप्युटी कलेक्टरच्या धार्मिक घरात जन्मलेला हा मुलगा लखनौच्या कॅनिंग कॉलेजात गेला आणि वाचनाच्या नादाने मिल, हक्स्ली, स्पेन्सर यांच्या अधीन झाला. त्याच्या श्रद्धेला मोठा धक्का कोणा प्रखर नास्तिकाने दिला नाही. मनोविकृतिशास्त्रावरील एका इंग्रजी पुस्तकात पैगंबरांचा दैवी साक्षात्कार अपस्माराचा झटका म्हणून वर्णिलेला त्याने वाचला, आणि ज्या पुस्तकाचा धर्माशी वादच नव्हता त्याच्या थंड, वैद्यकी सुरानेच त्याचा पाया हलला. परीक्षेच्या अर्जातील धर्माच्या रकान्यात ‘मुसलमान’ या शब्दाऐवजी त्याने स्वतःला बुद्धिवादी म्हणून नोंदवले. शिबलींचे नवे कलाम त्याच्या हाती पडले, आणि ज्याच्या शंकांच्या निरसनार्थ ते लिहिले होते त्यानेच टोपण सहीने लखनौच्या एका मासिकात त्यावर कठोर टीकेची लेखमाला लिहिली.

शिबलींचा मोठेपणा असा, की त्यांनी या मुलाला दूर लोटले नाही. आपल्या पैगंबरचरित्राच्या कामात इंग्रजी ग्रंथांतील मजकूर काढून देण्यासाठी त्यालाच बोलावले, आणि लोकांनी ओरड केली तरी त्याच्याविषयीचा स्नेह कायम ठेवला. दहाएक वर्षे नास्तिक्यात काढल्यावर दर्याबादी धर्माकडे परतले. पण कोणत्या वाटेने? थिऑसफी आणि भगवद्गीता यांनी जडवादाची पकड ढिली केली, शिबलींच्या चरित्रग्रंथाने पैगंबरांविषयीचा आदर जागवला, अकबर इलाहाबादींसारख्या जाणत्या कवीने गप्पांच्या ओघात हळूच कान टोचले, रूमीच्या मसनवीने मन वेधले. पुढे त्यांनी स्वतः कुराणाचे भाष्य लिहिले आणि थानवींच्या वर्तुळात ते सामील झाले. या प्रवासात कलामशास्त्रातील एकाही प्रमाणाने निर्णायक काम केलेले दिसत नाही. माणसांनी केले, सहवासाने केले, ग्रंथांतील रसाने केले. धर्मपंडितांना आणि बुद्धिवाद्यांनाही ही साक्ष सारखीच गैरसोयीची आहे. कारण तरुणाची श्रद्धा जाते तीही बहुधा प्रमाणाने जात नाही आणि येते तीही प्रमाणाने येत नाही, असे ती सांगते.

दर्याबादी काही काळ हैदराबादच्या भाषांतर खात्यात नोकरीस होते, आणि हा धागा आपल्याला मराठी मुलखात आणून सोडतो. निजामाच्या फर्मानाने स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ म्हणजे सर्व आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकवण्याचा एक भव्य प्रयोग होता. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक यांचे ग्रंथ ‘दारुल तर्जुमा’ या खात्याने भाषांतरित केले, आणि परिभाषेसाठी पंडितांच्या समित्या बसल्या. सायंटिफिक सोसायटीचे गाझीपुरी स्वप्न येथे साकार झाले. औरंगाबाद त्या काळी निजामाच्या मुलखात मोडत असे, आणि अलीगढचे पदवीधर मौलवी अब्दुल हक यांनी ‘अंजुमन तरक्की उर्दू’चे दप्तर तेथे आणून पाव शतक चालवले, 1928 पासून अंजुमनने ‘सायन्स’ नावाचे नियतकालिकही काढले. पण उस्मानियातही दुसरा वर्ग होताच. सुन्नी मुसलमान विद्यार्थ्यांना दीनियात सक्तीचे आणि इतरांना नीतिशास्त्र, अशी वाटणी तेथे होती. फरक एवढाच, की दीनियातचे अध्यापक मौलाना मनाजिर अहसन गिलानी यांनी त्या तासाचे सोने केले. विज्ञान शिकणाऱ्या मुलांपुढे त्यांनी ईश्वर, जगत्, प्रेषितत्व या प्रश्नांची नव्याने चर्चा केली आणि त्या व्याख्यानांचे पुस्तक झाले. मधली भिंत उंच असली तरी अध्यापकाच्या मनात आले तर तिला दार पाडता येते, याचा हा पुरावा होता.

त्याच औरंगाबादेत 1903 साली अबुल आला मौदूदी यांचा जन्म झाला. त्यांचे वडील अलीगढच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी. मुलगा इंग्रजी पेहराव करून क्रिकेट खेळतो हे कानी येताच आजोबांनी त्यांना कॉलेजातून काढून आणले होते. 1930 नंतरच्या दशकात हैदराबादेतून मासिक चालवीत असता मौदूदींनी सुशिक्षित तरुणांना उद्देशून लिहावयास घेतले, आणि अलीगढच्या शिक्षणक्रमाच्या सुधारणेचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी दुभंगलेल्या शिक्षणावरच नेमके बोट ठेवले. पाश्चात्य विचारसृष्टीचा सबंध सरंजाम मुलाच्या डोक्यात भरावयाचा आणि वर दीनियातचा एक तास जोडावयाचा, याने धर्म टिकत नाही, हे त्यांचे निदान अचूक होते. उपाय मात्र त्यांनी असा सुचवला, की सारी शास्त्रेच इस्लामी दृष्टीच्या चौकटीत बसवावीत. विज्ञानाची साधने घ्यावीत, त्याची जीवनदृष्टी टाकावी. मधली भिंत पाडण्याऐवजी एका वर्गाने दुसरा गिळावा, असा हा मार्ग होता, आणि मुक्त शोध हा ज्या विद्येचा प्राण आहे तिला तो मानवणारा नव्हता.

कवी मुहम्मद इक्बाल यांनी 1929 साली मद्रास, हैदराबाद व अलीगढ येथे दिलेली आणि पुढल्या वर्षी ग्रंथरूपाने निघालेली व्याख्याने ही या परंपरेतील सर्वांत धाडसी झेप. लाहोरला त्यांचे गुरू असलेले थॉमस आर्नल्ड पूर्वी अलीगढलाच अध्यापक होते. सर सय्यद यांच्यापुढे न्यूटनचे विश्व होते, तर इक्बाल यांच्यापुढे आइन्स्टाइनचे. जड द्रव्याची जुनी कल्पना खुद्द पदार्थविज्ञानानेच मोडीत काढली होती. सृष्टिनियम म्हणजे ईश्वराने दिलेले वचन असे सर सय्यद म्हणाले होते. माणसाचा जसा स्वभाव तशी ईश्वराची सृष्टी, असे इक्बाल यांनी मांडले, आणि धार्मिक अनुभव हाही ज्ञानाचा एक प्रकार असून त्याचीही चिकित्सा व्हावी असा आग्रह धरला. ज्ञान पुढे जाईल तशी याहून सरस मते निघतील, हेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. सर सय्यद यांच्या विचारातील उणीव येथे भरून निघाली. तथापि व्याख्याने इंग्रजीत आणि इतकी गहन, की दीनियातचा मौलवी त्यांच्या वाटेला गेला नाही आणि विज्ञानाच्या प्राध्यापकाला त्यांची गरज भासली नाही. अलीगढच्या सभागृहात ती ऐकली गेली. वर्गात मात्र शिरली नाहीत.

या इतिहासाची पुढची पाने आपल्या महाराष्ट्रातही वाचावयास मिळतात. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1874 मध्ये, म्हणजे अलीगढच्या शाळेपूर्वी एक वर्ष, ‘अंजुमने इस्लाम’ स्थापन केली. ती व्यापारी शहराला साजेशी व्यवहारी संस्था होती आणि कलामाच्या भानगडीत ती पडली नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा वाणी आणि करणी यांचा मेळ घालण्याची खटपटच त्यांनी सोडून दिली होती. माणसाचे ऐहिक हक्क हे धर्मवचनाच्या अर्थावर अवलंबून ठेवू नयेत, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्या मार्गाशी सहमत होवो वा न होवो, एवढे मानलेच पाहिजे, की शंभर वर्षे वर्गाबाहेर ठेवलेला प्रश्न अखेर रस्त्यावर येऊन उभा राहिला होता.

सर सय्यद यांचे भाष्य आज त्यांचे अनुयायीही फारसे वाचत नाहीत, शिबलींची हद्दवाटणी तत्त्वज्ञांना अपुरी वाटते, थानवींचा तर्क आधीच पटलेल्याला बळ देतो, आणि इक्बाल कवी म्हणून जितके गायिले जातात तितके विचारवंत म्हणून अभ्यासले जात नाहीत. म्हणून ही सारी खटपट व्यर्थ गेली असे मात्र म्हणता येणार नाही. परस्परांना कडाडून विरोध करणाऱ्या या माणसांनी एक गोष्ट एकमुखाने मान्य केली होती: तरुणाची शंका हा दंडनीय अपराध नसून तिला उत्तर मिळणे हा तिचा अधिकार आहे. त्यांचे अपयश उत्तरांच्या उणेपणात जितके आहे, त्याहून अधिक शिक्षणाच्या त्या रचनेत आहे, जिने प्रश्न विचारणारा एका वर्गात आणि उत्तर देणारा दुसऱ्या वर्गात बसवला. ती रचना इंग्रजी अमदानीत, देणगीदारांच्या धास्तीपोटी आणि एका थोर माणसाच्या नाइलाजाने निर्माण झाली. ती कोणत्याही धर्मग्रंथाने सांगितलेली नाही, आणि जे माणसांनी गरजेपोटी बांधले ते माणसांना विचारपूर्वक बदलताही येते.